खोडदची फुकटची एंट्री आणि पोरांच्या सहलीचा हिशोब

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या मॅडम दरवर्षी विज्ञान दिनाच्या सुमारास पन्नासेक पोरं घेऊन जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी, म्हणजे मोठमोठ्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण, बघायला जातात. एंट्री फुकट. यंदा संस्थेच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, या ट्रिपचा आर्थिक फायदा काय ते आकड्यात सांगा. त्यावर इकॉनॉमिक्सचे एक सर म्हणाले तिकीटच नाही म्हणजे बाजारभाव नाही, म्हणून किंमत शून्य. दुसरे सर म्हणाले असं कसं, बसवाल्याला, लॉजवाल्याला, मिसळवाल्याला जे पैसे मिळाले ते सगळे फायदाच की. आता मॅडमना विचारायचंय की बरोबर कोण.

मॅडम, दोघंही चुकताहेत. आणि दुसरे सर जास्त.

मी कोल्हापुरात बसून गेली वीसेक वर्षं हेच काम करतोय, म्हणजे पाणी योजना, बागा, तलाव, प्रदर्शनं यांचा खर्च किती आणि लोकांना त्यातून मिळतं काय याचा हिशोब. सुरुवातीला मीपण दुसऱ्या सरांसारखाच होतो. एका संस्थेच्या प्रदर्शन हॉलचा रिपोर्ट केला होता, त्यात आलेल्या लोकांनी चहा-वडापाववर किती उडवले, रिक्षाला किती दिले, सगळं गोळा करून टाकलं फायद्याच्या कॉलममध्ये आणि लई खूश होतो. आमच्या सीनियरनी दोन पानं वाचली आणि एवढंच विचारलं, हे लोक इथं आले नसते तर त्या दिवशी उपाशी राहिले असते काय? तिथंच रिपोर्ट संपला.

तर मुद्दा असा की तुमच्या पोरांनी बसला दिलेले पैसे हा फायदा नाही, तो खर्च आहे. डिझेल जळलं, टायर झिजले, ड्रायव्हरची रात्र गेली. नारायणगावच्या मिसळवाल्याचा धंदा झाला हे खरं, पण खोडद नसतं तर तुम्ही ट्रिप मालवणला नेली असती आणि तिथल्या खानावळवाल्याचा झाला असता. जुन्नर तालुक्यापुरतं बघितलं तर कमाई, अख्ख्या महाराष्ट्राचं बघितलं तर पैसा या खिशातून त्या खिशात. म्हणून हिशोब कुणाच्या नजरेतून चाललाय ते पहिल्या पानावर लिहायचं, नाहीतर पुढचे सगळे आकडे हवेत. स्थानिक पुढाऱ्यांना हा खिशाबदलीवाला आकडाच आवडतो कारण तो मोठा दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

आता पहिल्या सरांचं बघू. तिकीट नाही म्हणून किंमत शून्य हे म्हणणं १९४७ सालीच मोडीत निघालंय. तेव्हा अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या खात्यापुढे हाच प्रश्न होता, की आमच्याकडे लोक जवळपास फुकटात येतात, तर उद्यानाची किंमत काढायची कशी. हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं त्यांना पत्र लिहून कळवलं की गेटवर पैसे घेत नसाल, पण माणूस घरापासून गेटपर्यंत येताना पैसे आणि वेळ घालवतो, तीच त्याच्यासाठी किंमत आहे असं धरा. जवळच्याला कमी पडते, लांबच्याला जास्त, आणि लांबचे कमी संख्येनं येतात. या एका फरकातून मागणीचा अख्खा आलेख काढता येतो. पुढं १९५९ मध्ये मॅरियन क्लॉसननं ते रीतसर करून दाखवलं. याला आपण प्रवासखर्च पद्धत म्हणतो. बागेला चालते तशीच दुर्बिणीला चालते.

नुसतं सांगून कळत नाही, म्हणून आकडे मांडतो. हे सगळे आकडे समजा-वाले आहेत, खोडदचे खरे नाहीत, कृपा करून कुणी पुढं ढकलू नका. समजा खोडदभोवती तीन वर्तुळं काढली. पहिलं जुन्नर-नारायणगावचं, माणशी खर्च १०० रुपये, आणि दर हजार लोकांमागे वर्षाला ३० जण येतात. दुसरं पुण्याचं, खर्च ५००, हजारी २० येतात. तिसरं आपलं कोल्हापूर-सांगली, खर्च ९००, हजारी १०. म्हणजे खर्च ४०० नं वाढला की हजारी १० माणसं गळतात, आणि हीच रेघ पुढं ओढली तर १३०० रुपयांना कुणीच येणार नाही. आता जुन्नरचा माणूस बघा. तो १०० रुपयांतच येतो, पण त्याच्यासारख्या आवडीच्या लोकांत १३०० पर्यंत मोजायला तयार असणारेही आहेत हे आपल्याला लांबच्यांकडून कळलं. त्याला द्यावे लागले १०० आणि तो देऊ शकला असता त्याहून जास्त, तर मधला जो फरक त्याच्या खिशात राहिला तो खरा फायदा. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा, १३०० वजा १०० म्हणजे १२००, गुणिले ३०, भागिले २, झाले हजार लोकांमागे १८,००० रुपये, म्हणजे भेटीमागे ६००. पुण्याच्या माणसाला भेटीमागे ४०० निघतात, आपल्याला २००.

गंमत कळली का? सगळ्यात जास्त खर्च कोल्हापूरकर करतो आणि निव्वळ फायदा सगळ्यात कमी त्यालाच. दुसऱ्या सरांच्या पद्धतीनं नेमकं उलटं आलं असतं.

यात एक गृहीत लपलेलं आहे, की जुन्नरच्या आणि कोल्हापूरच्या माणसाची आवड साधारण सारखीच. ते कधीच पुरतं खरं नसतं. खोडदच्या पोरानं लहानपणापासून शेताच्या बांधावरून त्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या बघितल्यात, त्याला त्याचं काय एवढं. म्हणून उत्पन्न, शिक्षण, घरात कॉलेजात जाणारं पोर आहे का, हे सगळं वेगळं काढून मग रेघ मारतात.

वेळेची किंमत हा दुसरा किचकट भाग. गडहिंग्लजहून खोडद एका बाजूनं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रात्री जेवून निघायचं, पहाटे नारायणगाव, दिवसभर बघायचं, परत रात्रभर प्रवास. दोन दिवस मोडले. मोठ्या माणसाच्या सुटीतल्या वेळेला मजुरीच्या साधारण एक तृतीयांश दर लावायची पद्धत पडलीय. पोरांचं काय? बरेच जण शून्य धरतात. मला ते पटत नाही, कारण आपल्याकडची कॉलेजची पोरं सुटीला घरी लोळत नसतात, कुणी दुकानावर बसतं, कुणी एमआयडीसीत शिफ्ट करतं, कुणाच्या घरी दोन म्हशींची धार असते. समजा दिवसाचे ४०० मिळवणारं पोर असेल तर एक तृतीयांशानं दिवसाला १३३, दोन दिवसांचे २६६. ट्रिपची फी ९०० आणि वरखर्च २०० धरला तर एकूण चौदाशेच्या आत-बाहेर. एवढं त्यानं, खरं म्हणजे त्याच्या आई-बापानं, खोडदसाठी सोडलं. फिजिक्सच्या एका दुर्बिणीसाठी चौदाशे रुपये बाजूला काढणारं गडहिंग्लजचं घर, त्याला शून्य म्हणायला धाडस लागतं.

पण थांबा, सहलीत पोरं स्वतः ठरवून जातात का? मॅडमनी नेलं म्हणून गेली असंही असतं. कुणी दोस्त चाललाय म्हणून, कुणी दोस्तापेक्षा जवळचं कुणी चाललंय म्हणून. (आमच्या वेळी मी पुण्याला एक प्रयोगशाळा बघायला गेलो होतो, प्रयोगशाळेतलं आता काहीच आठवत नाही, परतीच्या बसमधलं सगळं आठवतं.) म्हणून शाळा-कॉलेजच्या भेटी आणि घरच्यांसोबत आलेल्या भेटी कायम वेगळ्या मोजायच्या.

आणि जाता जाता आणखी काय बघितलं हा तर सगळ्यात मोठा घोळ. खोडदच्या टप्प्यात शिवनेरी आहे, ओझर आहे, लेण्याद्री आहे. कोल्हापूरची बस नारायणगावला गेली आणि अष्टविनायकातले दोन गणपती टाकून आली असं होणं शक्यच नाही, ड्रायव्हरच ऐकणार नाही. मग चौदाशे रुपये कुणाच्या नावावर टाकायचे? सगळे दुर्बिणीच्या नावावर टाकले की आकडा फुगतो. साधा उपाय असा की पोरांना एकच प्रश्न विचारायचा, खोडद बंद आहे असं आधी कळलं असतं तरी आला असतास का? जे हो म्हणतील त्यांचा मूळ प्रवासखर्च खोडदला लावायचाच नाही, फक्त वाकडी वाट केली तेवढा लावायचा. उत्तर शंभर टक्के खरं येईल असं नाही, पण तासांच्या प्रमाणात वाटणी करण्यापेक्षा हे बरं.

थेट विचारून किंमत काढायचीपण पद्धत आहे, म्हणजे तिकीट लावलं तर किती द्याल. आपल्याकडे हे फार जपून करावं लागतं. कोल्हापूरच्या माणसाला चारचौघांत किती देणार विचारलं की तो मागं हटत नाही, ५०० म्हणेल, हजार म्हणेल, विषय इज्जतीचा असतो. खिशात हात घालायची वेळ आली की हिशोब वेगळा. काही जण उलट शून्य सांगतात, पण ते किमतीचं शून्य नसतं, ते रागाचं असतं, आम्ही टॅक्स भरतोय की, परत तिकीट कशाला. ही दोन शून्यं एकत्र मिसळली की सर्व्हे वाया. १९९३ मध्ये केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या समितीनं यावर अमेरिकन सरकारला सांगितलं होतं की किती द्याल असं मोकळं विचारू नका, एक ठराविक रक्कम सांगा आणि हो का नाही एवढंच घ्या. मी तसंच करतो. एकाला १०० विचारायचं, दुसऱ्याला २००, तिसऱ्याला ४००, चिठ्ठ्या टाकून.

आता कुणी म्हणेल हे सगळं बागेचं लॉजिक ओढूनताणून विज्ञानाला लावलंय, तर तसं नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेतल्या, सूक्ष्म कणांची टक्कर घडवणाऱ्या मोठ्या भूमिगत यंत्राचा, लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा, पूर्ण खर्च-लाभ हिशोब मिलान विद्यापीठाच्या मासिमो फ्लोरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलाय. १९९३ ते २०२५ एवढा काळ धरून खर्च १३.५ अब्ज युरो, फायदा १६.४ अब्ज. त्या फायद्यात सगळ्यात मोठे दोन वाटे म्हणजे तिथं शिकून बाहेर पडलेल्या तरुण संशोधकांचा आणि यंत्रं बनवून देताना कंपन्या जे शिकल्या त्याचा. पण सांस्कृतिक फायदा म्हणून जो भाग आहे, म्हणजे बघायला आलेले लोक, फिरती प्रदर्शनं, बातम्या, वेबसाइट वगैरे, तोपण २.१ अब्ज युरो, एकूणाच्या साधारण १३ टक्के. तिथंपण गाइडसकट फिरणं फुकटच. २०१९ मध्ये सप्टेंबरातले दोन दिवस त्यांनी सगळं उघडं ठेवलं तर ७५,००० लोक आले. ज्याच्या सिद्धांताला नोबेल मिळालं तो तिथं सापडलेला हिग्ज बोसॉन नावाचा कण बाजूला ठेवा, नुसतं बघायला येणारी माणसंच हिशोबात एवढी जागा घेतात. फक्त एक लक्षात ठेवा, प्रवासखर्च जसाच्या तसा फायद्यात धरला असेल तर तो खर्च वजा न केलेला ढोबळ आकडा असतो, मघाच्या त्रिकोणासारखा निव्वळ नाही. दोन रिपोर्टांची तुलना करताना ही गोष्ट आधी तपासायची, मी यात एकदा फसलोय.

आता दुसरी बाजू, जी उत्साहात सगळे विसरतात. भेट फुकट असली तरी संस्थेला ती फुकट पडत नाही. सर्नचं यंत्र चालू असताना बोगद्यात कुणाला सोडत नाहीत, २०१९ ला सोडलं कारण तेव्हा ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंदच होतं. खोडदचं दुखणं वेगळं. तिथं एकूण ३० तबकड्या, १४ मधल्या एक किलोमीटरच्या चौकात दाटीनं आणि बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांब पसरलेल्या, आणि त्या सगळ्या मिळून आकाशातून येणाऱ्या साधारण १५०० मेगाहर्ट्झच्या खालच्या रेडिओ लहरी ऐकतात. आपल्या मोबाइलचा ९०० चा पट्टा बरोबर त्यातच बसतो. लाखो-कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली कुजबुज ऐकायला कान लावलाय आणि शेजारी कुणी रील लावलंय, असा प्रकार. म्हणून मोबाइल बंद करा म्हणतात तेव्हा ती शिस्तीची हौस नसते. पन्नास पोरांतलं एक फ्लाइट मोडसुद्धा न लावता फोन खिशात घालून उभं असतं, मॅडम, तुम्हालापण माहितीय कोण ते. निरीक्षणाचा बिघडलेला वेळ, समजावून सांगण्यात गेलेले संशोधकांचे तास, मांडव, पाणी, पोलीस बंदोबस्त, हे सगळं खर्चात आलं पाहिजे. विज्ञान दिनाची गर्दीपण. रांगेत उभं राहिलेला तास हा लोकांचा खर्च आहे, तो कुठल्याच रिपोर्टात दिसत नाही. मला विचाराल तर दोन दिवसांत हजारो लोक कोंबण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे आलेले बरे, पण वर्षभर गाइड ठेवायला पगार लागतो आणि विज्ञान दिनाचा फोटो पेपरात येतो.

कोल्हापुरात बसून आपल्याला हे सगळं लांबचं वाटतं, पण आपल्या दारातच काय आहे बघा. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भूचुंबकत्व संस्थेचं एक रडार कित्येक वर्षं चालू आहे, जमिनीपासून ८० ते १०० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. बाहेरून बघितलं तर दिसतं काय, खांब आणि तारा. रोज सकाळी विद्यापीठात फिरायला जाणाऱ्या शेकडो लोकांना ते माहीतच नाही. तिथं एक चांगला मराठी बोर्ड आणि महिन्यातून एक रविवार अर्धा तास सांगणारा माणूस ठेवला तर प्रवासखर्च जवळपास शून्य, म्हणजे मघाच्या तीन वर्तुळांतल्या पहिल्यासारखं, भेटीमागे सगळ्यात जास्त निव्वळ फायदा. पन्हाळ्यावर विद्यापीठाचं अवकाश संशोधन केंद्र आहे, तिथं उलट अडचण. पन्हाळ्याला माणूस तीन दरवाजा, सज्जाकोठी आणि झुणका-भाकरीला जातो, त्याच्या खर्चातले आकाशाला किती लावायचे? फक्त तिथं थांबलेला तास-दीड तास, बाकी काही नाही.

ऊस-गुळाच्या संशोधन केंद्रावर शेतकरी जातात तीपण संशोधन केंद्राची भेटच, पण तिला ही पद्धत लावू नका. आमचे शिरोळचे पाहुणे पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात २६५ जातीच्या उसाचा प्लॉट बघायला गेले होते ते काही कुतूहल म्हणून नाही, एकरी टन किती पडतो ते बघायला. तिथला फायदा पुढच्या हंगामात काट्यावर दिसतो, तिथंच मोजायचा. दोन्हीकडे मोजलात तर तोच फायदा दोनदा.

आता येणारं मोठं उदाहरण म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं लायगो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं साधारण २,६०० कोटींना मंजुरी दिली, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, अंतराळातल्या प्रचंड टकरींतून उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणार. आणि जागा कुठली, तर औंढा नागनाथ. ज्योतिर्लिंग! म्हणजे महाराष्ट्रभरातून भाविकांच्या गाड्या तिथं येतातच. चांगलं दर्शक केंद्र बांधलं तर अर्ध्या गाड्या वळतील, आणि मग कुणीतरी रिपोर्ट लिहील की लायगोमुळे इतके लाख पर्यटक आले. ते लायगोमुळे नसतील आलेले, नागनाथामुळे आलेले असतील. पण वळले आणि दोन तास थांबले त्याची किंमत मात्र नक्की आहे, आणि देवाला आलेल्या माणसाला ब्लॅक होलची टक्कर समजावून सांगायची अशी संधी जगात फार कमी ठिकाणी मिळत असेल. फक्त पार्किंग लांब ठेवा म्हणावं, त्या यंत्राला ट्रकचा धक्कापण कळतो.

पोरं पुढं शास्त्रज्ञ होतात त्याचं काय, हेपण मीटिंगमध्ये विचारणारच. इथं जपून. ट्रिपला नाव देणारं पोर मुळातच आवड असलेलं असतं, ते पुढं एमएस्सी झालं म्हणून श्रेय बसला देता येत नाही. पण तुमच्याकडे हे तपासायची सोय आहे. बसमध्ये जागा ५०, नावं आली ९०, असं ज्या वर्षी होईल त्या वर्षी पहिला येईल तो पहिला असं करू नका, चिठ्ठ्या टाका. जी गेली आणि जी चिठ्ठीत राहिली, दोघांची आवड सारखीच. तीन वर्षांनी दोन्ही याद्यांतली पोरं काय करताहेत एवढं लिहून ठेवा. राहिलेल्यांना पुढच्या वर्षी नंबर देतो म्हणू नका मात्र, नाहीतर तुलना गेली. जरा निष्ठुर वाटेल, मान्य.

आणि आता तुमचा हिशोब, कारण संस्थेला आकडा पाहिजे. खोडदचं रजिस्टर मागायला जाऊ नका. गेटवरची रजिस्टरं मी लई बघितलीत, त्यात श्री. पाटील व इतर ४६ असं लिहिलेलं असतं आणि गावाच्या रकान्यात नुसतं कोल्हापूर, मग तो शिरोळचा असो नाहीतर चंदगडचा. एकदा एका ठिकाणी तर वॉचमन दर वेळी आत येणाऱ्याला मोजत होता, चहाला बाहेर जाऊन आलेला माणूस परत नवा पाहुणा. त्यापेक्षा तुमच्या कॉलेजची सहल फीची वही काढा. कुठल्या वर्षी फी किती होती, नावं किती आली, आणि फी वाढली म्हणून नावं मागं किती जणांनी घेतली. ४५० होती तेव्हा किती, ७०० झाली तेव्हा किती, ९०० ला किती. हीच तुमची मागणीची रेघ, वर्तुळं काढायचीपण गरज नाही. कोरोनाची वर्षं सोडा, महागाई वजा करा, आणि कुठल्या वर्षी परीक्षा आडवी आली असेल तर तसं शेजारी लिहा. प्राध्यापकांनी पदरचे पैसे घालून एखाद्या पोराला नेलं असेल तर तेपण लिहा, आपल्याकडे ते हमखास असतं आणि कुठंच नोंद नसते.

यंदाच्या ट्रिपला फक्त एवढं करा, प्रत्येकाकडून कागदाच्या चिटोऱ्यावर घरचा पिनकोड, घरून किती पैसे आणले, आणि खोडद बंद असतं तरी आला असतास का, एवढी तीन उत्तरं घ्या. परतीच्या बसमध्ये घेऊ नका, सगळी झोपलेली असतात, सकाळी मिसळीची ऑर्डर येईपर्यंत घ्या. वही सापडली की पानांचे फोटो पाठवा, नावं झाकून, त्रिकोण मी काढून देतो.